लॉरीला दिलेलं तेल

१४ ऑगस्ट १९३५, नारळी पौर्णिमा

"तेल दिल्याबिगर होडी आपली व्हत नाय." लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला सासूबाई मला असं म्हणाल्या होत्या. त्याला पंचवीस वर्षं झाली. मुशी माशाच्या तेलाची पितळी वाटी हातात धरून मी रेतीत उभी होते आणि वासानं मला मळमळत होतं. माझे वडील आगरदांड्याच्या जकात नाक्यावर शिपाई, आमच्या घराला होडी कधी नव्हतीच. सासूबाईंनी माझं मनगट धरून होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, तेल ओतून घेतलं. पुढे मला तो वास येईनासा झाला.

यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून होडीला तेल केसर देते, माझी जाऊ. विधवेनं द्यायचं नसतं. मला त्याचं वाईट वाटत नाही असं मी तीन वर्षं स्वतःला सांगते आहे. आज सकाळी बंदरावर ताशा वाजत होता आणि मी मागच्या मांडवात उगीचच दोऱ्या आवरत होते. माझे सासरे, आबा, काठी टेकत आले. त्यांना आता जेमतेम दिसतं, पण मी कुठे असेन ते त्यांना बरोबर कळतं.

"नीरा, होडी कोनाची?"

"सदाभावजींची."

"आनि ही?" त्यांनी काठी लॉरीवर आपटली.

"यांची."

"व्हती. आता तुझी हाय. मंग हिला तेल कोन देनार? केसर?"

मी दोरी गुंडाळत राहिले. आबा म्हणाले, "माझी म्हातारी असती तर तिनं तुला गाळून दिलं असतं. जा, मडक्यातलं घे. नवं हाय."

लॉरी यांनी पनवेलच्या एका व्यापाऱ्याकडून जुनीच आणली होती. पाऊस लागला की रस्ता बंद होतो, मग ती चार महिने माडाच्या झापांच्या मांडवात उभी असते आणि ड्रायव्हर दयारामभाऊ माणगावकडे आपल्या गावी भातशेतीला जातात. तेल ते कुठे घालतात ते मी कितीदा पाहिलं आहे. बॉनेट उचलायचं, बाजूचं टोपण फिरवायचं. मी वाटीभर ओतलं. आवाज न करता आत गेलं. बॉनेटवर तगरीची दोन फुलं ठेवली. कुणाला सांगितलं नाही. तेल दिल्याचं बोलून दाखवायचं नसतं, बोललं की त्याचा गुण जातो. शिवाय केसरला कळलं असतं तर तिनं कोळीवाडाभर केलं असतं.

आज फार बरं वाटतं आहे.

२३ ऑगस्ट

भांगाचे दिवस. भरतीला जोर नाही म्हणून होड्या वर ओढल्या आहेत आणि सगळीकडे तेलाचं काम चाललं आहे. मीही वाटीभर दिलं. होडीला दर भांगाला देतात, मग हिला का नको? मुशीचं तेल लाकडावर सुकलं की कातड्यासारखं बसतं, पाण्याला आत येऊ देत नाही. लोखंडाला तर गंजाचं भय जास्तच.

६ ऑक्टोबर

दयारामभाऊ आले. म्हसळ्यापुढचा रस्ता वाळला. आईनं नाचणीचं पीठ दिलंय म्हणाले, आणि ते पडवीत ठेवून आधी लॉरीकडे गेले. हातपाय नंतर धुतले.

इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून त्यांनी दोनदा पुसून पाहिली. "जेठात मीच बदललं व्हतं. येवढं वर कसं? माझ्या हातनं जास्त पडलं असंल." स्वतःचीच चूक आधी धरायची त्यांची सवय आहे. हँडल मारल्यावर तिसऱ्या फेरीला लॉरी सुरू झाली. मी जवळच उभी होते. समोरच्या फळीवर एक लहान घड्याळ आहे, त्याचा काटा कशासाठी, हे मी सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"आत तेल फिरतंय का न्हाय, ते सांगतो. पंप तेल वर ढकलतो, त्याचा दाब. तिसाच्या आसपास ऱ्हायला पायजे. धाच्या खाली आला तर गाडी थांबवायची. म्होरं देव उभा असला तरी थांबवायची."

"देवासमोर तर थांबावंच लागेल," मी म्हणाले.

ते हसले. फार क्वचित हसतात. काटा बत्तिसावर होता.

२० ऑक्टोबर

फेऱ्या जोरात. सुके बोंबील, जवळा, आणि पहाटे निघालं तर ओली मासळीही माणगावच्या बाजारापर्यंत टिकते. येताना तांदूळ, कधी दिवेआगरच्या वाड्यांची सुपारी.

दयारामभाऊंच्या जेवणात मी रावसाचा मधला तुकडा वाढला, तर केसर म्हणाली, "वैनी, भाऊ म्हनतेस ना त्याला? मंग भावाला शेपटीचा चालतो." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. चुलीची धग लागली असावी, कान गरम झाले होते.

ते जेवताना म्हणाले, "बाई, या वर्षी गाडी तेल खाईना झालीय. दर वर्षी दिवाळीपर्यंत अर्धा डबा लागायचा. औंदा डब्याला हात लावावा लागला न्हाय." मला मनातून इतका आनंद झाला. भांगाचं तेल मी एकदाही चुकवलेलं नाही. कालच दिलं. पण बोलले नाही.

२९ ऑक्टोबर

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला सदाभावजींनी होडीला झेंडूची माळ घातली. त्यातली उरलेली फुलं मी मांडवात नेली.

काल घाट चढताना काटा अठरावर आला. दयारामभाऊंनी सावलीत गाडी उभी केली, निवू दिली, मग पुन्हा तीस. पुढच्या चढावर पुन्हा खाली. आज त्यांनी घड्याळाची तांब्याची नळी सोडवून पाहिली. म्हणाले, "आधी घड्याळच खोटं बोलतंय का ते बघायला पायजे. मानसावर आळ घ्यायच्या आधी साक्षीदार तपासावा." इंजिन चालू करून नळीच्या तोंडाशी बोट धरलं. तेल उडायला हवं होतं, ते ठिबकत होतं. म्हणजे घड्याळ खरंच सांगत होतं.

नंतर खाली निजून त्यांनी प्रत्येक सांधा चिंध्यांनी पुसला. कुठे गळत नाही. पट्टीवरचं तेल दोन बोटांत धरून बराच वेळ चोळत बसले.

"बोटाला धरतंय. डिंकावानी."

डबा उघडून त्यातलं तेल चोळलं. ते साफ होतं.

"बाई, मी नसताना गाडीजवळ कोन येतं काय?"

मी म्हणाले, "कोण येणार? घरचीच माणसं."

४ नोव्हेंबर

आज मांडवासमोर बोलाचाली झाली. दयारामभाऊंचं म्हणणं, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवायला पाहिजे. चेंबरात पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, ती तुंबली असावी. चार दिवस लागतील.

सदाभावजी म्हणाले, "बोंबील काय चार दिवस थांबतील? त्यांना चिठ्ठी पाठवू?"

"न्हाय थांबनार. पन बेअरिंग गेलं तर महिना जाईल."

"काटा हाय ना अजून विसावर?"

"सकाळी वीस. चढावर बारा. आनि दादा, इंजिन तापलं की मासळीचा वास येतो."

यावर तर सगळे इतके हसले की आबांनीही आतून विचारलं काय झालं. सदाभावजी डोळे पुसत म्हणाले, "मासळीच्या लॉरीला मासळीचा वास येतो. कुनब्या, तुला काय मोगऱ्याचा पायजे?" दयारामभाऊ हसले नाहीत. चिंधीनं एकेक बोट पुसत राहिले.

मला फार वाईट वाटलं. माणसाचंही आणि गाडीचंही. भांग लागलेलाच होता. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी जाऊन आज दोन वाट्या दिल्या, पहिल्या धारेचं तेल. झेंडूची एक पाकळी टोपणाच्या तोंडाशी वाहिली. मनात म्हटलं, बाई गं, त्यांच्यासाठी तरी नीट चाल.

१४ नोव्हेंबर

आज लिहिण्याची इच्छा नाही, पण लिहिलं नाही तर उद्या मी हे स्वतःला वेगळं सांगेन.

मंगळवारी माणगावच्या अलीकडे इंजिनात खाटखाट वाजायला लागलं. काटा सहावर. दयारामभाऊंनी तिथेच थांबवली. बरोबर सदाभावजी होते. दोन बैलजोड्या लावून लॉरी विठोबा मिस्त्रींच्या दुकानापर्यंत नेली. मासळी उन्हात गेली. मिस्त्रींनी पट्टी काढली, तेल चोळलं, हुंगलं आणि चारचौघांत म्हणाले, "हे डब्यातलं तेल न्हाय. कुनीतरी यात भलतंच तेल भरलंय."

तिथे चार लॉरीवाले बसलेले. सदाभावजींनी तिथल्या तिथे हिशेब जुळवला: डबा अर्ध्याहून जास्त शिल्लक, म्हणजे चांगलं तेल इंजिनात गेलंच नाही. ते विकायला ठेवलं, आणि स्वस्तातलं काहीतरी आत ओतलं. लॉरीवाल्यांनी माना डोलावल्या.

आज सकाळी ते दोघे एका बैलगाडीतून परत आले. लॉरी मागून ओढून आणली. बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता, सगळा वाडा होता. सदाभावजींनी पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्यानं. आणि वर हेही सांगितलं, "मिस्त्रीनं टोपन काढलं तर आत झेंडूची पाकळी चिकटलेली. ह्यानं गपचूप उचलून खिशात टाकली. चोर हाय पन देवभोळा हाय." लोक हसले.

दयारामभाऊ म्हणाले, "माझ्या हातनं झालं न्हाय."

"मंग कोनाच्या?"

"ते मी बोलनार न्हाय."

"बोलनार नाय, का बोलायला काय नाय?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपल्यांच्या मागे उभी होते. "बाई, तुमाला काय वाटतं? मी चोरी करीन?"

केसर माझ्याकडे बघत होती. सगळ्या बायका बघत होत्या. मी त्यांची बाजू घेतली असती तर संध्याकाळपर्यंत कोणती गोष्ट वाड्यात फिरली असती ते मला ठाऊक होतं. मी पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

ते घराकडे वळले. मग पडवीतली आपली वळकटी उचलून चालू लागले. त्यांच्या आईला द्यायचे म्हणून मी बांधून ठेवलेले सुक्या कोलंबीचे सोडे खुंटीलाच राहिले.

१६ नोव्हेंबर

खरं लिहिते. दोन दिवस मलाही वाटलं, की त्यांनी चोरी केली असेल. माझ्या वाट्यांतलं तर पहिल्या धारेचं, ते भलतं कसं असेल? माणसाला आई असते, घर असतं, पावसाळ्यात पगार नसतो. असं वाटून घेतलं म्हणजे माझं गप्प राहणं थोडं कमी जड होत होतं. पण मग कोणाच्या हातनं झालं ते बोलणार नाही, असं ते का म्हणाले? चोर दुसऱ्याचं नाव घ्यायला इतका कचरत नाही.

१९ नोव्हेंबर

विठोबा मिस्त्री सामान घेऊन आले. मांडवातच लॉरीखाली चटई टाकून चेंबर उतरवलं. मी चहा घेऊन गेले होते.

चेंबर त्यांनी उन्हात ठेवलं. आतून सगळं तपकिरी झालं होतं. तळाला दह्यासारखा गाळ, आणि पंपाच्या तोंडच्या जाळीवर एक पापुद्रा ताणून बसलेला. मिस्त्रींनी तो नखानं सोलला. तो तुटला नाही, लांबला. वर धरला तर त्यातून उजेड दिसत होता.

"बगा, हे असं. तेल जाईल कुठनं? पंप बिचारा हवा वढत व्हता."

मला तो पापुद्रा माहीत होता. उन्हाळ्यात आमच्या होडीच्या पोटावरून मी तो पंचवीस वर्षं खरवडते आहे.

वास आला. इतक्या वर्षांनी मला तो वास पहिल्यासारखा आला. मी चहा खाली ठेवला आणि माडांत जाऊन ओकले.

२० नोव्हेंबर

पाकळी मीच वाहिली होती. इंजिनाला फुलं वाहील असं माणूस या घरात एकच आहे, हे त्यांना सहा वर्षांत समजलं नसेल असं कसं होईल? म्हणजे मिस्त्रींच्या दुकानातच त्यांना कळलं होतं. तरी ती खिशात टाकली. तरी बंदरावर मला विचारलं ते हे नाही, की तेल कोणी घातलं. एवढंच विचारलं, की मला काय वाटतं. ते का बोलले नाहीत, हे मला कितीही विचार करून समजत नाही. त्यांचं काय अडलं होतं?

आबांना सांगितलं. ते बराच वेळ काठीची मूठ चोळत बसले.

"मीच सांगितलं तुला."

"तुम्ही एकदा सांगितलंत. पुढच्या सात वाट्या मी दिल्या. त्यातल्या शेवटच्या दोन एकदम."

"होडीला चालतं गं." आणि थोड्या वेळानं, "लॉरीला आतून तेल लागतं, आनि होडीला भायरून. येवढं मना म्हाताऱ्याला कळाया पायजे व्हतं." मग म्हणाले, "सदाला सांगू नको. दयाराम गेलाच हाय. तुझं वाडाभर हसं व्हईल."

संध्याकाळी सदाभावजींना सांगितलं. ते आधी चिडले, मग कपाळाला हात लावून हसायला लागले, मग पुन्हा चिडले. "वैनी, तुला कोनी सांगितलं व्हतं देवदेव करायला? आता गप ऱ्हा. आपल्याच घरचं आपनच सांगायचं? माणगावात माझं तोंड काय ऱ्हाईल?"

"आणि त्यांचं?"

"कोनाचं?"

मी म्हणाले, "दयारामचं." भाऊ म्हणायचं राहून गेलं.

सदाभावजी वाईट माणूस नाहीत. हे गेले तेव्हा वर्षभर याच माणसानं माझ्या घरात तांदूळ कमी पडू दिला नाही. पण चुकलो म्हणायला त्यांना दुसऱ्याची जीभ मागून आणावी लागते.

२८ नोव्हेंबर

आज लिलावाच्या वेळी मी बोलले.

काय बोलायचं ते रात्री पाठ केलं होतं, पण तिथे एवढंच आलं: "लॉरीत मुशीचं तेल मी घातलं. होडीला देतात तसं दर भांगाला दिलं. दयारामनं चोरी केली नाही. त्या दिवशी मी गप्प राहिले."

 मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं, मंग खोबऱ्याचं तरी घालायचं, वासाला बरं." आणि सगळं बंदर हसलं. मी अशी हसण्यावारी जाईन असं मला वाटलं नव्हतं. दगड मारले असते तर सोपं गेलं असतं.

केसर माझ्याबरोबर घरी आली. उंबऱ्यात म्हणाली, "विधवेनं तेल दिलं, म्हनून असं झालं म्हनतील."

"म्हणू देत."

"मी नाय म्हननार." आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली. पुष्कळ वेळानं, माझ्याकडे न बघता, "मना सांगितलं असतंस तर मी तुला होडीचंच द्यायला दिलं असतं. सगळे गेल्यावर. कोन बघतंय?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाईट वाटतं हे तीन वर्षं मी तिच्यापासूनच लपवत होते.

२ डिसेंबर

बेअरिंगं नवी बसली. चेंबर रॉकेलनं धुऊन चढवलं. विठोबा मिस्त्री म्हणाले, आता हिला नीट हाताचा माणूस पाहिजे, पहिले दोनशे मैल सांभाळून चालवणारा. मी विचारलं, "दयाराम कुठे असतात?"

"गावी. भात झोडतोय. दोन लॉरीवाल्यांकडं गेला व्हता, कुनी ठेवला न्हाय. तेलचोर म्हनत्यात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी हितं बंदरावर बोल्लात ते मी ऐकलं, बाई. पन हितलं हितंच ऱ्हातं. आमच्याकडं तुमच्या दिरानं सांगितलेलं चालतंय."

म्हणजे आमच्या बंदरावर खरं झालं आणि माणगावात नाही. आणि भाकरी तर माणगावात आहे.

सदाभावजींना म्हटलं, तुम्ही जाऊन सांगा. ते म्हणाले, "बगू, शिमग्यापर्यंत लोक इसरतील." मी म्हणाले, लॉरी माझी आहे, तिला ड्रायव्हर मी ठरवीन. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं आबांकडे कधीकधी बघतात. मग म्हणाले, "तो येनार नाय, वैनी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणून ते मला जास्त खरं वाटलं.

३ डिसेंबर

पत्र लिहिलं. उद्या विठोबा मिस्त्री जाताना नेतील. त्याची नक्कल इथे ठेवते, म्हणजे मी काय मागितलं ते नंतर मला बदलता येणार नाही.

"दयाराम यांस,

तेल मी घातलं. तुम्हांला हे माहीत आहे. तुम्ही मला विचारलं होतं, गाडीजवळ कोण येतं, तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच वाटलं होतं की घरचं माणूस म्हणजे कोणी नव्हे. पण बंदरावर तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी दिलं नाही. ते उत्तर असं होतं, की तुम्ही चोरी करणार नाही. ते मी इथे सगळ्यांसमोर नंतर सांगितलं, पण तुम्ही नव्हता, आणि ते माणगावला पोचलं नाही.

सदाभावजींनी यावं असं मी म्हटलं. ते येणार नाहीत. म्हणून मी येणार आहे. लॉरी तयार आहे. दुरुस्तीनंतर ती अजून कोणी चालवलेली नाही.

सोमवारी नऊ तारखेला तुम्ही इथे या. गाडी तुम्ही चालवा. मी मागे टोपल्यांवर बसणार नाही, पुढे तुमच्या शेजारी बसेन. म्हसळ्यावरून, वाटेतल्या सगळ्या गावांवरून, तशीच. माणगावात मिस्त्रींच्या दुकानासमोर गाडी थांबवा. ते चार लॉरीवाले जिथे बसतात तिथे मी उतरून सांगेन. तुम्ही मागून चालत आलात आणि मी वेगळी आले तर ते म्हणतील, बाईला कोणीतरी पढवून पाठवलं. एकत्र आलो तर दुसरं काहीतरी म्हणतील. ते मी सहन करीन. तुम्हांलाही करावं लागेल, आणि तुमचा त्यात काही दोष नाही, म्हणून हे मागताना हात अडतो.

नंतर तुम्ही लॉरी चालवावी की नाही हे मी विचारत नाही.

तुम्ही नको म्हणाल. माझ्या नावाला जपण्यासाठी म्हणाल, असं मला वाटतं, आणि तसं असेल तर ते कारण मला मान्य नाही एवढं आधीच लिहून ठेवते. दुसरं कारण असेल तर त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. तरीही मागते. सोमवारी या, आणि मला तुमच्या शेजारी बसवून माणगावला न्या.

नीरा"